सरावदोष

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात यंत्रं स्वतःची दुखणी स्वतःच बरी करत. तरीही सर्जेराव थोपट्यांच्या लाइनवर अधूनमधून एखादं यंत्र रुसायचंच. मग सर्जेराव यायचे, यंत्रावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि भोवती पुरेशी माणसं जमली की म्हणायचे, "बेअरिंग." हेल्परपासून मुख्य तंत्रज्ञापर्यंत ते याच तळहाताच्या जोरावर चढले होते, आणि तो खिशात घालून हिंडायची त्यांना सवय नव्हती.

लाइनप्रमुख म्हणून बढती मिळाली त्या दिवशी डॉ. वर्तकांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा दिला. कारखान्यातल्या यंत्रांची बुद्धी या बाईंनीच घडवलेली.

"थोपटे, आता तुम्हाला सांगायला हवं. तुमच्याकडे येणारे बिघाड आम्हीच घालतो."

"म्हणजे?"

"यंत्राला स्वतः न सुधारता येणारा बिघाड फार क्वचित होतो. पण झाला, तर माणूसच लागतो. आणि तोवर रिकाम्या बसलेल्या माणसाचा हात गंजलेला असतो. म्हणून यंत्र मुद्दाम आजारी पडतं. तंत्रज्ञाला झेपेल त्याहून जरासंच जास्त. याला आम्ही सरावदोष म्हणतो."

सर्जेरावांनी कप खाली ठेवला. "माझ्यातले खरे किती?"

"अजून एकही नाही."

"दिवाळीच्या तोंडावर अख्खी लाइन बंद पडली होती, मॅडम! मोठ्या साहेबांनी हार घातला मला!"

"तो दोष फार छान जमला होता," बाई कौतुकाने म्हणाल्या. "आता तुमच्या हाताखालच्या नंदिनी काळेसाठी दोष तुम्ही निवडायचे. तिला कळता कामा नये. कळलं की सराव संपतो, नाटक उरतं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मुख्य तंत्रज्ञच राहा. फक्त तुम्हाला आता कळलंय. तुमच्याकडे यापुढे बिघाड येणार नाहीत."

सर्जेरावांनी बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग गार झालेला चहा पिऊन टाकला आणि बढती घेतली.

नंदिनीसाठी त्यांनी पहिलं बेअरिंगच निवडलं. ती धावतच आली. हात ग्रीसने माखलेले, चेहरा उजळलेला.

"साहेब, नुसता तळहात ठेवला न् कळलं! अगदी तुमच्यासारखं!"

"वा गं पोरी!" सर्जेरावांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरात पाऊल टाकतात तोच त्यांची बायको शालन म्हणाली, "अहो, मिक्सर पुन्हा अडून बसलाय. तुमच्याशिवाय कुणालाच दाद देत नाही मेला."

एरवी हे ऐकलं की ते बूट काढण्याआधी स्क्रूड्रायव्हर काढत. आज ते जरा घुटमळले. मग मिक्सरवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि एक डोळा हळूच किलकिला करून शालनकडे पाहिलं.

ती बघत होती. वर्तकबाईंइतक्याच कौतुकाने.