विसाव्यापर्यंत

हरिओम त्या दिवशी भर दुपारी नांदेडहून अर्धापूरला आला, तो एवढ्याच कामासाठी की आईला आपला अल्बम ऐकवायचा. आदल्याच दिवशी त्याने तो इंटरनेटवर टाकला होता. त्यात शब्द एकही नाही, नुसती वाद्यं. छाती दणाणून सोडणाऱ्या मेटल संगीताच्या गिटारी, मध्येच कव्वालीचा ढोलक, किनवटच्या जंगलातले ढोल, लग्नातली सनई. सगळ्या गावच्या भाज्या एका कढईत! पण पोराने जीव ओतला होता, हे खरं.

केवळाबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी लसूण सोलता सोलता त्या कौतुकाने ऐकत होत्या. चौथी रचना सुरू झाली. तिच्यात मृदंग होता, अण्णांच्या अंत्ययात्रेतला. वर्षापूर्वी वडील गेले तेव्हा तिरडीपुढे भजनी मंडळ वाजवत चाललं होतं आणि हरिओमच्या खिशातल्या मोबाइलने ते टिपलं होतं. अभंगाचे शब्द त्याने संगणकावर काढून टाकले, टाळ-मृदंग तेवढे ठेवले, आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला.

केवळाबाई उठल्या. तांब्या भरून उंबऱ्यापाशी ठेवला.

"कोण आलं, आई?"

"तुझे अण्णा... चपला वाजल्या न्हाईत का?"

हरिओम हसला. मग त्यालाही ऐकू आलं. चिखलाने जड झालेल्या चपलांचा आवाज, आणि तोही स्पीकरमधून नव्हे, अंगणातून. अंगण तर ठणठणीत कोरडं होतं. पावलं दारापर्यंत आली, थांबली, माघारी गेली. तुकडा पुन्हा फिरला, तशी पुन्हा आली. अण्णा केळीच्या बागेत पाणी सोडून आले की यायचा तो वास घरभर पसरला. तांब्यातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. हरिओमने झटकन संगीत बंद केलं.

"वाजू दे की..." केवळाबाई म्हणाल्या. वर्षभरात त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

हरिओमने मंडळाचे मृदंग वाजवणारे अमृतराव गाठले. म्हाताऱ्याने पावलांची हकीकत आणि तो तुकडा, दोन्ही डोळे मिटून ऐकलं.

"हे विसाव्यापोत्तरच हाय. पुढचं कुठंय?"

विसाव्याला तिरडी घटकाभर खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात. नेमकी तिथेच मोबाइलची बॅटरी संपली होती.

"म्हंजी घर ते विसावा, अन् विसावा ते घर... अण्णाराव येरझारा घालून राहिले," अमृतराव हळूच म्हणाले. "त्यात देवाचं नावबी काढून टाकलंस. नाव न्हाई तर माणसानं जायचं कुठं, बाबा?"

उरलेली वाट वाजवायची ठरली. केवळाबाई दारात आडव्या आल्या.

"नका रे जाऊ... येतेत तर येऊ द्या."

"आई, दमले असतील गं ते," हरिओम म्हणाला. केवळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्या बाजूला झाल्या.

उन्हं कलताना मंडळ विसाव्यापासून स्मशानापर्यंत वाजवत, नाव घेत चालत गेलं. हरिओमने ते शब्दांसकट जोडलं आणि इंटरनेटवरची जुनी रचना काढून त्या जागी हे टाकलं. घरी लावून पाहिलं. पावलं आली नाहीत, तांब्या भरलेलाच राहिला. केवळाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

काही दिवसांनी फिनलंडहून एका अनोळखी बाईचा निरोप आला. तिने पहिल्याच दिवशी अल्बम उतरवून घेतला होता. 'चौथी रचना लावली की आमच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहतो. बोलत काहीच नाही. बाहेरच्या बर्फावर त्याच्या पायांची माती उमटते. हे कोण?'

हरिओमने आईला तो वाचून दाखवला. अशा जुन्या प्रती किती जणांकडे गेल्या असतील, हे मात्र सांगितलं नाही.

"तिकडं लई थंडी असती म्हणं..." केवळाबाई म्हणाल्या. "अन् आपण त्यांच्या अंगावर एकच कापड घातलं होतं रे."