रुमाल टाकलेली जागा

या, आत या. दारात उभं राहून भांडायला मला आवडत नाही. इथे स्वयंपाकघरातच बसा. बाहेरच्या खोलीत आमचे हे बसलेत, त्यांना मध्ये बोललेलं चालत नाही. चपला असू द्या पायात. पाणी घ्या.

तुम्ही खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलात, ते मी पाहिलंय. सामान उतरवताना तुमच्या कपाटाचा पाय मोडला, तेही पाहिलंय. तर तुमचं म्हणणं असं, की आमच्याकडे दुपारभर वर्दळ असते. डोक्यावर काहीतरी घरघरतं, घंटी वाजते, जिन्यावरून माणसं उतरत राहतात. एवढी माणसं येतात तरी कुठून, असं विचारलंत ना आत्ता? बाई, या घरात आम्ही दोघंच राहतो. तिसऱ्या माणसाने कित्येक दिवसांत हा उंबरा ओलांडलेला नाही.

लगेच उठू नका. सांगते सगळं. बरेच दिवस झाले, कोणाजवळ बोललेच नाहीये.

माझा स्वभाव मुळात संशयी. कपड्यांच्या कारखान्यात माल तपासते मी, सध्या रजा टाकलीय. टाका सुटलेला दिसला की तुकडा नापास करायचा, कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ मारायची आणि बाजूला टाकायचा. दिवसभर खोट शोधणाऱ्या बाईला घरी आल्यावरही खोटच दिसते. हे म्हणायचे, "तुला देव भेटला ना, तर त्यालाही आधी उलटा करून शिवण बघशील."

हे बस चालवायचे, लांब पल्ल्याची. अंगात ताप असला तरी गाडी मधे सोडली नाही कधी. त्यांचा एकच हेका. गाडीत माणूस आहे तोवर ड्रायव्हरने जागा सोडायची नाही, शेवटचा थांबा येईपर्यंत नाही. मग एका डोळ्याने दगा दिला. तपासणीत नापास झाले आणि त्यांना गाडीवरून उतरवलं. आयुष्यभर नापास करत आले मी, आणि शेवटी नापास झाला तो माझाच नवरा.

त्यानंतर हे भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. बोलणं नाही, धड जेवण नाही. मधूनच उजवा पाय फरशीवर दाबायचे. ब्रेक हो. मला कळायचं. डोळ्यांदेखत वाळत चालला होता माणूस, आणि मला दुसरं आहे कोण?

माझी धाकटी बहीण दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करते. तिने सुचवलं. "ताई, भावजींना गाडी चालवायचा गेम घेऊन दे. खरं स्टिअरिंग मिळतं, पायाखाली ब्रेक, क्लच मिळतात. पण असल्या गेमला दणकट कॉम्प्युटर लागतो. सुटे भाग आणा आणि घरीच जोडा. मी फोनवर सांगते. इंजिन खोलणाऱ्या माणसाला हे काय अवघड आहे?"

आम्ही दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा होता, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, त्याचा खोका आधी उघडलेला. मी म्हटलं, हे वापरलेलं आहे. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकाने उघडून फक्त बघितलं हो." मी म्हटलं, बघून बघून झिजतं का? पण यांनी खोका हातात घेतला आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा जीव आला. मग मी पैसे मोजले.

रविवारी जेवायच्या टेबलावर चादर अंथरून मांडामांड केली. हे डोळ्याजवळ नेऊन एकेक भाग बघत होते. मदरबोर्ड पेटीत बसवला, त्यावर प्रोसेसर. प्रोसेसरवर ती राखाडी पेस्ट वाटाण्याएवढी लावायची, असं बहिणीने बजावलेलं. यांनी ग्रीस फासल्यासारखी फासली, मी निम्मी पुसून काढली. शेवटी स्क्रू उरले. "उरले म्हणजे वाचले," म्हणाले आणि हसले. त्या हसण्यासाठी मी अख्खा कॉम्प्युटर स्क्रूशिवाय चालवून घेतला असता.

मागे नाना भोकं. पडद्याची वायर मीच लावली. जिथे घट्ट बसली, तिथे बसवली. बटण दाबलं. पंखा फिरला आणि पडद्यावर थेट रस्ता आला. पुढची मोठी काच, काचेपलीकडे सरळ रस्ता, दोन्हीकडे झाडं, आणि वर आतला आरसा. आम्हाला वाटलं असंच असतं. टीव्ही लावला की चित्र येतं, तसं. यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि गाडी हलली. मी इथे आत येऊन, भांड्यांचा आवाज करत, पोटभर रडले. आनंदाने हो.

चार दिवस बरे गेले. मग मला वास यायला लागला. डिझेलचा, आणि ओल्या रेक्झिनचा. मला वाटलं, हे चोरून विड्या ओढतात आणि वास दडपायला काहीतरी फवारतात. खिसे तपासले, गादीखाली बघितलं. काही नाही.

मग एका दुपारी ऐकलं, हे कोणाशी तरी हळू आवाजात बोलतायत. "बाई, जरा पुढे सरका… हां, बसा सावकाश." म्हटलं, बघा! या वयात! हल्ली त्या गेममध्ये लांबलांबच्या बायका भेटतात म्हणे. दाराच्या पडद्याआडून बघत राहिले. खोलीत कोणी नव्हतं. गाडीतल्या त्या आरशात मात्र माणसं बसलेली. बायका, पुरुष, मांडीवर पिशव्या घेतलेली. सगळी खिडकीबाहेर बघत होती. हल्लीचे गेम अगदी खऱ्यासारखे असतात, असं मी स्वतःला समजावलं.

पण यांच्याजवळ पाण्याचा ग्लास असायचा, तो मला स्वस्थ बसू देईना. यांनी ब्रेक दाबला की ग्लासातलं पाणी पुढे कलायचं. गाडी निघाली की मागे. बाई, टेबल जागचं हलत नव्हतं. पाणी तेवढं कलत होतं.

माझा सगळा राग त्या उघडलेल्या खोक्यावर. मेल्याने काहीतरी भुताटकीचं गळ्यात मारलंय म्हटलं. पेटीच्या काचेतून बारकाईने बघितलं, तर त्या ग्राफिक्स कार्डाचे पंखे फिरतच नव्हते. म्हटलं, सापडला चोर! मागून फोटो काढला आणि बहिणीला पाठवून फोन केला.

"ताई, वायर चुकीच्या भोकात लावलीयेस," ती हसत म्हणाली. "ती खाली कार्डात लावायची. म्हणून पडदा काळा येतोय तुम्हाला."

"काळा कुठे? चित्र येतंय की. रोज गाडी चालवतायत."

"ताई, त्या भोकातून चित्र येऊच शकत नाही. तुमच्या प्रोसेसरला चित्र दाखवायची सोयच नाहीये. स्वस्त पडतो म्हणून मुद्दाम तसला घ्यायला लावला मी. चित्र फक्त कार्डातून येणार."

"अगं, पण येतंय…"

"आणि गेम कुठून आला? मी शनिवारी येऊन टाकणार होते ना? त्या डिस्कवर अजून काहीच नाहीये, ताई… कोरी आहे ती… तुम्ही नक्की काय बघताय?"

मी फोन खाली ठेवला. बाहेरच्या खोलीत गेले, पेटीमागे हात घातला आणि वायर उपटली.

पडदा काळा झाला. यांनी करकचून ब्रेक दाबला. ग्लास टेबलावरून पुढे गेला आणि फुटला. काळोख्या पडद्याकडे बघत हे शांतपणे म्हणाले, "कुणी उतरू नका… बसून राहा… गाडी मधेच थांबलीय."

मी "अहो" म्हटलं, हलवलं, हात धरून ओढलं. हात बर्फासारखे. मानही वळवली नाही. वायर खालच्या कार्डात लावून बघितली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आली, डिस्क रिकामी असल्याची. हे तिकडे बघेचनात. मी तोंडाशी घास नेला, तर ओठ मिटलेले. रात्र गेली, सकाळ झाली, माणूस तसाच. डॉक्टर आले, म्हणाले धक्का बसलाय, झोपू द्या. झोपतोय कोण? मी कान त्यांच्या तोंडाशी नेला तेव्हा एवढंच ऐकू आलं, "मधेच कुठे सोडू त्यांना… अंधारात."

नवरा हवा होता मला, बाई. मी गेले आणि माझ्या हाताने वायर पुन्हा त्या चुकीच्या भोकात घातली. रस्ता आला. यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "भूक लागलीय गं."

मग मी माझं डोकं चालवलं. गाडीत माणसं आहेत तोवर हे उठणार नाहीत ना? ठीक आहे. माणसं उतरवायची. विचारलं, तर म्हणाले, "उतरवू कशी? घंटी द्यायला कंडक्टर कुठेय?" मी बाल्कनीतल्या जुन्या सायकलची घंटी काढून आणली. एक वाजवली की थांबायचं, दोन वाजवल्या की निघायचं. त्यांच्या मागे उभी राहिले आणि एक दिली.

गाडी थांबली. मग माझ्या पाठीमागून पावलं गेली. मी वळले नाही, आरशातच बघत राहिले. एक म्हातारा उठला, एक पोरगी उठली. दाराची कडी लावलेली होती आणि पावलं जिन्यावर होती. तुम्ही दुपारी ऐकता ना, ती हीच. तक्रार तुमची खरी आहे. पण मला किती हायसं वाटायचं म्हणून सांगू! रोज दोन-चार माणसं कमी. नवीन कोणी चढायला आलं, तर गाडी थांबायच्या आत मी दोन घंट्या देऊन टाकायचे.

परवा गाडी रिकामी झाली. सगळ्या जागा मोकळ्या. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, झालं हो, आता उठा. जेवू या टेबलावर बसून, दोघं.

"एक जागा आहे ना अजून," हे म्हणाले. "माझ्या मागची. रुमाल टाकून धरलीय कुणीतरी."

आरशात बघितलं. ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर पांढरा रुमाल होता, हिरव्या काठाचा. कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ.

माझी गाठ मला कळते, बाई. कारखान्यात मीच नापास केलेला रुमाल तो. टाका सुटला होता म्हणून घरी वापरायला आणलेला. कपाटात माझ्या कपड्यांखाली असायचा. धावत जाऊन कपाट उपसलं. नाही. यांना विचारलं, कोणी टाकला हो तिथे? म्हणाले, "मला काय माहीत, मी समोर बघतो."

"बरं, ही गाडी जाते कुठे? शेवटचा थांबा कुठला?"

ते जरा ओशाळल्यासारखे हसले. म्हणाले, "पाटी बाहेरून असते गं. आतून दिसत नाही."

तेव्हापासून मी घंटीच दिलेली नाही. ही बघा, खिशातच घेऊन फिरते. कंडक्टर मिळाल्यापासून दोन घंट्यांशिवाय ते गाडी काढत नाहीत. नोकरीतही कधी काढली नाही. म्हणून गाडी उभी, हे तसेच बसलेले, आणि मी त्यांना भरवते. खरं सांगू? काल मनात आलं, जावं आणि त्या जागेवर बसावं. सुटेल तरी एकदाचं. पण पाटी वाचल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, असा माझा स्वभाव. काय करणार?

तर तुम्ही निश्चिंत राहा. आता जिन्यावर आवाज होणार नाही. घंटीही तुम्ही ऐकलीत ती परवाची किंवा त्याआधीची.

काय?

आत्ता? जिना चढताना?

किती ऐकल्या? नीट आठवून सांगा… एक ना? एकच असेल…

दोन.

बाई, घंटी सकाळपासून माझ्या खिशात आहे.

थांबा. तो ग्लास उचलू नका. टेबलावरच राहू द्या आणि पाण्याकडे बघा. मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही. मागे कललंय का ते? तुमच्याकडे?

मी एक देऊन बघते. ही दिली… ऐकलीत ना तुम्ही? आणखी एक थांबायची दिली. पाणी सरळ होतंय का?

श्श. बोलतायत काहीतरी. थांबा, ऐकू द्या…

"पुढे वळण आहे," म्हणतायत. "दोघीजणी बसून घ्या."

तुम्ही आल्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही.