भर तलावात थांबलेले यंत्र

वात जरा खाली करा, काच काळवंडते आहे. हं, सांगतो.

सन चौतीसची कोजागरी नुकतीच उलटली होती. सात रस्त्याजवळच्या माझ्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात सिद्धाप्पा आला. हिप्परग्याच्या तलावावर एका कंत्राटदाराची नाव तो चालवीत असे. त्या नावेच्या मागे पेट्रोलवर चालणारे विलायती यंत्र अडकविलेले होते.

"मिस्त्री, मशीन सुरू हुतं, अन् भर तलावात मरतं. एकडाव बगा की."

अधिक विचारण्याचे कारण नव्हते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची अडलेली बायको अंबुबाई हिला पैलतीरावरील गावातून इस्पितळाकडे आणताना हेच यंत्र मध्येच थांबले होते. अलीकडे बांधावर बैलगाडी वाट पाहत उभी. वल्ही मारून तो काठाला लागला, तेव्हा गाडीत ठेवण्यासारखे कोणी जिवंत उरले नव्हते. ती नाही, आणि बाळही नाही.

दिवस कलता कलता आम्ही बांधावरून निघालो. वारा पडलेला. शेवाळाचा आणि पेट्रोलचा मिश्र दर्प पाण्यावर साचून राहिला होता. सिद्धाप्पाने पेट्रोल उतरविण्याची कळ थेंब गळेपर्यंत दाबली, मग दोरी ओढली. कृती निर्दोष होती. यंत्र तत्काळ सुरू झाले.

"लोक म्हनत्यात, ती हडळ झाली," तो म्हणाला. "कोंबडं कापाय काडलं तरी घरात पळायची ती. कुनाला भ्या दावंल वो?"

तलावाच्या मध्यावर यंत्र गुदमरले, दोनदा उचकले आणि थांबले. त्यानंतरची शांतता कानांना दुखत होती.

मी टाकीचे टोपण तपासले. त्याला सुईएवढे छिद्र असते. त्यातून हवा आत शिरली, तरच पेट्रोल खाली उतरते. ते छिद्र वाळलेल्या हळदीकुंकवाने गच्च बुजले होते. टोपण सैल करताच टाकीने एक दीर्घ श्वास आत ओढला.

"याची पूजा कोणी केली?"

"खंडेनवमीला... अंबूनं. अवघडल्याली, तरी वाकून वाकून हळद माखली. मी म्हनलं, बास की आता, मशीन हाय, नवरी न्हाय. तर म्हनली, ह्योच मला दवाखान्यात नेनार हाय..."

मी त्याच्याकडे पाठ केली आणि बारीक तारेने छिद्र मोकळे केले.

"घावलं का, मिस्त्री? माजं काय चुकलं व्हतं?"

"तुझे काही नाही. पेट्रोलात पाणी होते. माझ्याच दुकानातून नेले होतेस. दोष माझा."

तो माझ्याकडे पाहतच नव्हता. नावेच्या नाकाजवळच्या रिकाम्या फळीकडे पाहत तो हलकेच म्हणाला,

"ऐकलंस?... पेट्रोलात पानी व्हतं..."

"कोणाशी बोलतोस, सिद्धाप्पा?"

"हितं आलं, की सारकी इचारती... का थांबलं म्हून..."

मी पुढे पाहिले नाही. पाहण्याचे धैर्य झाले नाही.

यंत्र आता कुठेही न अडखळता चालले. बांधाशी मी उतरलो. "येतो, मिस्त्री," म्हणून त्याने नाव आपल्या गावाकडे वळविली. एकटा माणूस मागे यंत्राशी बसला, म्हणजे पुढून रिकाम्या नावेचे नाक पाण्यावरून उचलले जाते. तसे होणे अटळ असते.

अंधारात दिसेनाशी होईपर्यंत ती नाव सपाट चालली होती.