मोंतालिनाच्या ऑर्गनची हवा

लव्हीनियाने एक खुंटी ओढली आणि पायाखालच्या पट्टीवर पाय ठेवला. एवढंच केलं तिने, आणि सगळं मोंतालिना गाव घराबाहेर पळालं.

चर्चच्या माडीवर ऑर्गनसमोर बसलेल्या तिला याची काही कल्पनाच नव्हती. सर्वांत जाड नळ्यांमधून गडगडाट उठत होता, तावदानं थरथरत होती, खालची रिकामी बाकं घुमत होती, आणि बाईसाहेब खुशीत होत्या! जुन्या कारागिरांनी हौसेने बसवलेली ही ढगांच्या गडगडाटाची खुंटी दहा ऑर्गनांमागे एखाद्यालाच असते. मग बाहेरून किंकाळी ऐकू आली. मग धडाधड दारं आपटली. तिने पाय उचलला आणि धावत जिना उतरली.

चौकात अख्खं गाव उभं होतं. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात पातेलं, आणि बेकरीवाल्या एल्दामावशीच्या बगलेत अर्धी पिसं काढलेली कोंबडी. सगळ्यांच्या पुढे एक तरुण अनवाणी उभा होता. त्याच्या एका गालावर साबणाचा फेस होता आणि हातात वस्तरा.

"ते... तुम्ही होतात?" त्याने विचारलं.

"काय मी?"

"ते, खालून आलेलं."

"ऑर्गन होता तो. गडगडाटाची खुंटी आहे, तिला..."

"बाई, या गावात खालून काही आलं की आम्ही आधी बाहेर येतो. विचार नंतर करतो." त्याचा आवाज चिडका होता; वस्तऱ्याचा हात त्याने चटकन पाठीमागे नेला. "वस्तरा गळ्यावर होता माझ्या. मान जागेवर आहे ही संत एमिदिओची कृपा."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ वर्षांपूर्वीचा भूकंप! घंटाघर अर्धं पडलं होतं, चर्चचं छप्पर खाली आलं होतं. दुरुस्त झालेलं चर्च यंदाच उघडत होतं, आणि पाच ऑगस्टला, एमिदिओच्या सणाला, तिने त्यात वाजवायचं होतं. भूकंपापासून राखणाऱ्या संताच्या सणाला तिने गावाला भूकंप आणून दिला होता. शरमेने तिचे कान तापले.

"मी... ती खुंटी पुन्हा नाही ओढणार. शपथ."

"ओढा की," तो म्हणाला, आणि फेसाआडून पहिल्यांदा थोडासा हसला. "फक्त आधी ओरडून सांगा. माणूस निदान दाढी तरी पुसेल."

त्याचं नाव नाझारेनो. गाव त्याला नेनो म्हणायचं. धंद्याने गवंडी. भूकंपानंतर गावातली निम्मी छपरं त्याच्या हातून चढली होती.

लव्हीनिया उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहराची. जूनपासून ती एकटीच हिंडत होती, तोदी, गुब्बिओ, उर्बिनो... निळी छोटी गाडी, मागच्या सीटवर स्वरलिपीच्या वह्या आणि वाजवायचे मऊ बूट. प्रत्येक जुन्या गावात एक जुना ऑर्गन, एक कार्यक्रम, की निघाली. लोक म्हणायचे, काय मजा आहे तुझी! मजा कसली, ती पळत होती. दोन हिवाळ्यांपूर्वी मोठ्या सभागृहात सहाशे माणसांसमोर वाजवता वाजवता तिचे हात मधेच थांबले होते. पुढचं आठवेना. ती शांतता अजून तिच्या पाठीवर बसलेली होती. तेव्हापासून वाजवताना तिला चुकीच्या सुराची भीती वाटत नसे. मधेच थांबण्याची वाटायची. म्हणून छोटी गावं. तिथे ओळख व्हायच्या आत निघता येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कागदाच्या पुडीत मांस भरून तळलेली गरम ऑलिव्ह घेऊन आला.

"कालच्या ओरडण्याबद्दल," त्याने पुडी पुढे केली.

"अख्ख्या गावाला पळवलं मी, आणि खाऊ तुम्ही आणता?"

"एल्दामावशीची कोंबडी तेवढ्यात मांजराने पळवली. तिच्यातर्फे नाही, माझ्यातर्फे आहे हा खाऊ."

ती चर्चच्या पायरीवर बसून खात होती. तो दोन पायऱ्या खाली उभा. "आत या ना," ती म्हणाली, "वाजवून दाखवते."

"इथून छान ऐकू येतं."

"इथून पारव्यांचंच ऐकू येतं."

"पारवेही बरे गातात." तो दुसरीकडे बघायला लागला.

तेवढ्यात डोंगरामागून ढग आला आणि गारांसकट पाऊस कोसळला. लव्हीनिया उडी मारून दारात शिरली. मागे वळून पाहते तर हा तिथेच, पायरीवर! केसांतून पाणी वाहतंय, गारा खांद्यावर टपटप आपटतायत, आणि दार चार हातांवर असून माणूस आत पाऊल टाकत नाही.

"अहो, वेडे आहात का? या आत!"

तो हलला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला ती भीती ओळखीची वाटली. अगदी घरातली. मग तिने काय करावं? वह्या आत ठेवल्या, आणि बाहेर येऊन त्याच्याशेजारी पावसात उभी राहिली.

"आता तुम्ही वेड्या झालात," तो म्हणाला.

"तू म्हण. एवढं भिजल्यावर 'तुम्ही' शोभत नाही."

एक गार तिच्या नाकावर बसली, आणि तो हसला. मग पाऊस थांबेपर्यंत थोडं थोडं करून सगळं बोलला. भूकंपाच्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता. ऑर्गनच्या मागे, खालच्या अंगाच्या खोलीत दोर ओढून नळ्यांना हवा देणारा भाता चालवायचा, आणि वर सेत्तिमिओ मास्तर वाजवायचे. जमीन हलली तेव्हा भात्याच्या खोलीचं गल्लीतलं दार दोन पावलांवर होतं. वर मास्तर, बाजूला दार...

"मी पळालो. मास्तरांवर तुळई पडली. पाय गेला त्यांचा. ते अजून मला पत्ते खेळायला बोलावतात, आणि मी..." त्याने केसांतलं पाणी झटकलं. "निम्म्या गावाची छपरं शाकारली मी. ह्याचं नाही."

लव्हीनियाने तिची ती सभागृहातली शांतता त्याला सांगितली. दोन पळपुटे पायरीवर बसून कपडे पिळत राहिले, आणि त्याच्या ओल्या बाहीचा तिच्या बाहीला स्पर्श झाला तेव्हा दोघांनीही हात काढून घेतला नाही.

पण त्या रात्री तिला झोप लागेना. हे आता नुसतं गाव राहिलं नव्हतं.

चार तारखेला सकाळी ऑर्गनला हवा पुरवणारी मोटर बंद पडली. ऑगस्टात मोटर दुरुस्त करणारा सापडणं म्हणजे... सगळे कारागीर समुद्रावर पालथे पडलेले! फादर सिल्वेरिओंनी सतरा फोन केले. शेवटी जुने भाते उघडले, आणि दोन धडधाकट शेतकरी दोरांना लावले. ऑर्गन दारुड्यासारखा झोकांड्या खात गाऊ लागला. "शक्तीचं काम नाही ते," काठी टेकत आलेले सेत्तिमिओ मास्तर म्हणाले. "एक भाता बसायच्या आत दुसरा उचलायचा. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकत ओढायचा. गावात ते एकालाच येतं."

लव्हीनिया नेनोकडे गेली नाही. कसं विचारणार? कार्यक्रम रद्द करा, असं सांगायला ती फादरांकडे निघालीच होती. तेवढ्यात गल्लीतलं ते छोटं दार करकरलं.

नेनो उंबऱ्यात उभा होता. "दार उघडं ठेवीन," तो म्हणाला. "चालेल?"

"चालेल."

"आणि मी पळालो तर?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "तर हवा संपेल," ती म्हणाली. "सूर आधी खाली उतरेल, मग मरेल. आणि मी वर बसलेली असेन... तशीच."

"म्हणजे तुला ज्याची सगळ्यात भीती तेच."

"हो."

"मग नको. दुसरं कुणी..."

"नेनो," ती म्हणाली, "तूच."

त्याने आत पाऊल टाकलं. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. पण दोर हातात आले, आणि वर बसलेल्या तिला पहिल्याच सुरात फरक कळला. नळ्या शांत, भरदार गाऊ लागल्या. तिने एक ओळ लांबवली तर हवाही लांबली. ती थबकली तर हवा तिच्यासाठी थांबली. मधे लाकडाची भिंत, दिसत तर काहीच नव्हतं, आणि तरी इतक्या जवळ तिच्या कुणी कधी आलं नव्हतं. सुखाने तिचे डोळे भरले. पण उद्या हे सगळं त्या उघड्या दाराच्या स्वाधीन असणार होतं.

पाच तारखेला संध्याकाळी सहाला चर्च भरलं. नवे कपडे, पंखे, अत्तरं. एल्दामावशीने पुढचं बाक अडवलं होतं. लव्हीनियाने मऊ बूट चढवले, ऑर्गनवरच्या आरशातून खाली पाहिलं आणि भिंतीवर दोनदा टकटक केली. पलीकडून दोनदा उत्तर आलं. ती वाजवू लागली.

पंधरा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. ती हसतसुद्धा होती. मग बाक हललं.

आधी तिला वाटलं आपलाच पाय. पण झुंबर डुललं, वहीचं पान आपोआप सरकलं, आणि जमिनीच्या पोटातून तो आवाज आला. खाली बाकं खरवडली, माणसं दारांकडे धावली. "पुन्हा ती पोरगी!" एल्दामावशी पळता पळता ओरडली. आणि बोटांखालचा सूर... उतरू लागला. आधी थोडा, मग भसकन. हवा संपली. ऑर्गन मेला.

गेला, तिच्या मनात आलं. दार दोन पावलांवर.

तिचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले. हीच ती शांतता होती, जिच्यापासून ती दोन वर्षं पळत होती. ती आली होती आणि तिच्याकडे बघत होती, आणि लव्हीनियाला नवल वाटलं, तिला त्या शांततेचं काहीच वाटत नव्हतं. थांबलं तर थांबलं! तिला फक्त एवढंच वाटत होतं की तो गेला.

जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी तीन तीन पायऱ्या ओलांडत वर येत होतं.

नेनो माडीवर धडपडत आला. ओठ पांढरे, तळहात दोराने सोललेले. त्याने तिचं मनगट पकडून तिला ओढलं. "ऊठ! आधी बाहेर!"

"नेनो... थांबलंय. बघ. झुंबर थांबलंय."

त्याने वर पाहिलं. मग तिच्याकडे. मग तो जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसला. तिचं मनगट मात्र सोडलं नाही.

"दार उघडं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी... इकडे आलो."

"ते दिसतंय," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

"मी कार्यक्रम बुडवला तुझा. मधेच थांबवलं. पण तू वर होतीस, आणि वर तुळया आहेत, आणि मला दुसरं काही सुचलंच नाही." त्याचे दात वाजत होते. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. तीन दिवसांत असं बोलणारा माणूस वेडा असतो, ठाऊक आहे. पण मी किती भ्यालो ते तुला..."

"मलाही वाटलं तू गेलास," लव्हीनिया त्याच्या शेजारी बसली. "तेव्हाच कळलं मला. तू नसशील तर मला हा ऑर्गनही नको." तिने त्याचा सोललेला तळहात गालाशी धरला.

खाली लोक हळूहळू परत येत होते, कौलं शाबूत आहेत की नाही ते एकमेकांना विचारत.

"माझ्या जागेवर कोण बसलं?" एल्दामावशीचा आवाज घुमला.

"बाई," फादरांनी खालून अदबीने विचारलं, "संपलं का?"

"संपतं कसलं!" सेत्तिमिओ मास्तर अख्ख्या गोंधळात बाकावरून उठलेच नव्हते. "अजून दोन पानं आहेत. आणि नेनोला सांगा, डावा दोर जरा लवकर सोडतो तो. पहिल्यापासूनची खोड आहे."

नेनोने तोंडावर हात घेतला. त्याचे खांदे हलले, हसून की रडून, ते त्यालाही ठाऊक नसावं. मग तो उठला.

"पुन्हा हललं तर?" त्याने विचारलं. भीती अजून त्याच्या डोळ्यांत होती, लपवलेली नव्हती.

"तर पुन्हा वर ये."

"मधेच थांबेल सगळं."

"थांबू दे," लव्हीनिया म्हणाली.

तो जिना उतरून गेला. तिने डोळे पुसले, वही सरळ केली आणि बोटं पट्ट्यांवर ठेवली. भिंतीपलीकडे दोर करकरला. ती जिथे थांबली होती, तिथूनच वाजवू लागली.