तिसऱ्या ओळीची उंची

जास्त गोळ्यांनी रेणापूरच्या कस्तुराबाईंची नाडी चाळिसावर आली होती. मुलगा बजरंग यानं नर्सविरुद्ध तक्रार दिली, तशी फौजदार रुद्राणी बिरादार लातूरच्या त्या खाजगी दवाखान्यात धडकली.

"सिस्टरनं औषधाचं कार्ड वाचून सांगितलं, हृदयाच्या दोन गोळ्या रोज," बजरंग म्हणाला. "मला वाचता येत न्हाई."

"कार्ड कुठंय?"

"आईला परत आणलं तवा इथंच घेतलं. आता सापडंना म्हणून राहिलेत."

नर्स धम्मप्रिया भिंतीला टेकून उभी होती. "मॅडम, दोनच लिहिलं होतं. होतं तेच वाचलं."

डॉ. शिवांश यांनी केबिनमधल्या प्रिंटरवरून एक कागद काढून दिला. "ही कम्प्युटरमधली मूळ प्रत. वाचा. रोज अर्धी गोळी."

खरंच अर्धी होती. म्हणजे धम्मप्रिया संपली.

डॉक्टरांच्या मागं भिंतीवर सूचना होती, 'मोबाईल बंद ठेवा', खाली लांब लांब अंतरावरच्या तीन सैल ओळी.

"ती सूचना कुणी टाइप केली?" रुद्राणीनं विचारलं.

"मीच. माझ्या लॅपटॉपवर."

"आणि कार्डं?"

"काउंटरवरची वर्षाराणी. मी सांगतो, ती टाइप करते."

"नंतर फाइल कोण उघडू शकतं?"

"ती आणि मी."

काउंटरवर विचारल्यावर वर्षाराणी रडवेली झाली. "रोज वीस कार्डं करते, मॅडम. आठवत न्हाई. पण आमच्या कम्प्युटरला मराठीचा एकच फॉन्ट हाय. दुसरा टाकलेलाच न्हाई."

पोलीस भरतीआधी रुद्राणीनं उदगीरच्या एका डीटीपी सेंटरात चार वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या होत्या. तिची नजर कागदावरून हलेना. औषधांच्या पाच ओळी. अक्षरं सगळी सारखी. तिनं एका चिठोरीच्या कडेवर दोन ओळींमधलं अंतर पेन्सिलनं टिपलं आणि ती चिठोरी खाली सरकवत गेली. तिसऱ्या ओळीवर खूण चुकली. ती ओळ केसभर खाली बसली होती.

तिसरी ओळ म्हणजे अर्धी गोळी.

"डॉक्टर, लॅपटॉपवर ही फाइल उघडा," केबिनमध्ये परतून ती म्हणाली.

"कशाला? कागद आहे ना हातात."

"उघडा."

तिनं 'अर्धी'वर कर्सर ठेवला. फॉन्ट कार्डाचाच. मग कर्सर एक घर पुढं नेला, शब्दानंतरच्या रिकाम्या जागेत. वरचं फॉन्टचं नाव बदललं.

बाकीची तिघं दारात येऊन उभी राहिली.

"ओळीची उंची तिच्यातलं सगळ्यात उंच जे असेल ते ठरवतं," रुद्राणी म्हणाली. "रिकाम्या जागेलाही फॉन्ट असतो, उंची असते. 'दोन' पुसून 'अर्धी' लिहिणाऱ्यानं शब्दाचा फॉन्ट आठवणीनं कार्डासारखा केला. पुढची मोकळी जागा दिसत नाही, ती तशीच राहिली. त्या जागेनं ओळ ताणली. हा फॉन्ट काउंटरवर नाही. तुमच्या सूचनेच्या ओळी ज्या फॉन्टनं सैल केल्या, तोच हा. कार्ड द्या, डॉक्टर."

मग डॉक्टरांनी ड्रॉवरला किल्ली लावली. आतल्या कार्डावर लिहिलं होतं, दोन गोळ्या.

"गर्दी होती, तोंडातून 'दोन' गेलं," ते पुटपुटले. "मला अर्धीच म्हणायचं होतं."

"कार्ड हातात आलं त्याच दिवशी हे म्हणायचं होतं. ही पोरगी जेलात गेली असती."

बजरंगनं धम्मप्रियापुढं हात जोडले. तिनं ते पाहिलंच नाही. ती कस्तुराबाई होत्या त्या आयसीयूकडं निघाली होती.

"आईंची आता नाडी किती हाय?" जाताजाता तिनं विचारलं.