दारामागचं वाक्य

आमची पहिली भेट माझ्या कपाळावर झाली. सेटवरचं खोटं दार धाडकन उघडून तो बाहेर पडला, आणि दारामागे संवादाचे कागद घेऊन मी बसलेली...

"अरे देवा! लागलं का?"

"छे, गुदगुल्या झाल्या!"

तो हसला. झालं, टेंगळाचं दुखणंच विसरले मी.

तो सिनेमाचा नवा कोरा हिरो आणि मी प्रॉम्प्टर. नटाला वाक्य आठवेना की हळूच पुरवायचं, हे माझं काम. सिनेमा बाप-लेकाच्या भांडणाचा. आज लोक त्याला अजरामर वगैरे म्हणतात. तेव्हा एका शब्दावर सगळं अडलं होतं. घर सोडताना मुलानं बापाला म्हणायचं, "जातो मी." आणि हा दर वेळी म्हणायचा, "येतो मी."

दिग्दर्शक कावले. "घर सोडतोयस की भाजी आणायला निघालायस? उद्या जमलं नाही तर दुसरा मुलगा घेईन."

दुसरा मुलगा? माझं डोकंच सणकलं. त्याला मेकअपच्या खोलीत गाठलं.

"म्हण, जातो."

"तू जवळ असलीस तर... कशाला जाऊ?"

"चावटपणा पुरे. म्हण!"

तो आरशात बघत राहिला. "एकदा म्हटलंय. सिनेमापायी बाबांशी भांडलो तेव्हा. जातो म्हटलं— आणि गेलोच. आई असती तर तोंडावर हात ठेवला असता माझ्या. तेव्हापासून तो शब्द निघतच नाही बघ."

हा माणूस मला आवडतो, हे मला तिथंच कळलं. आता याला हरू द्यायचं नाही म्हणजे नाही.

सकाळी मी दिग्दर्शकांपुढे उभी राहिले. प्रॉम्प्टरनं मोठ्यानं बोलायचं नसतं. मी बोलले. "सर, 'येतो'च राहू द्या. एकदा घेऊन तर बघा!"

"एकच टेक," ते गुरगुरले.

टेक झाला. बापाचं काम करणारे बुजुर्ग नट 'कट' म्हटल्यावरही डोळे पुसत होते. दिग्दर्शकांनी माझ्याकडे न बघताच मान डोलावली.

"आता खरं घर," मी त्याला म्हटलं.

"बाबा दार उघडणार नाहीत गं."

"दारांची मला सवय आहे. चल!"

बेल मीच वाजवली. बाबांनी दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आलास..." एवढंच म्हणाले, पण आवाज पार फुटला. मग माझ्याकडे वळले. "आणि ही कोण?"

याचं तोंड उघडं, शब्द गायब. वाक्य विसरला की बघायचा, तसाच माझ्याकडे बघत राहिला. आता लाजून चालणार होतं थोडंच?

मी नेहमीच्या दबक्या आवाजात पुरवलं, "तुमची होणारी सून."

आणि हे वाक्य मात्र पठ्ठ्यानं पहिल्याच टेकला खणखणीत म्हटलं.