बारा पानं आणि आंबलीचा पेला

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या दिवशी मादन हिप्परग्याच्या शिवारातून उपाशी पुढं जाता येत नाही, हे पूर्णिमाला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली वही छातीशी धरून बांधावरून चालली होती, आणि एक उंच, सावळा तरुण पेला पुढं करून वाटच अडवून उभा राहिला.

"आंबील घ्या म्याडम. सणाचा दिवस हाय."

ती कानापर्यंत लाल झाली. "न्हाई… नको."

तो शिवराज. त्याच्या आईनं, नागूबाईनं, तिला हाताला धरून कडब्याच्या कोपीपाशी, सणासाठी उभारलेल्या खोपटापाशी बसवलं. चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजून झाले होते आणि ज्वारीवरून गार वारा येत होता. जेवताना नागूबाईनं सगळी चौकशी केली. पूर्णिमा कलबुर्गीच्या बंडोपंत मास्तरांची लेक, सणांच्या रीतींवर पीएचडी करत होती. येळवशीवर लिहिलेली बारा पानं सोमवारी गाईडना द्यायची होती, म्हणून ती सण एकदा डोळ्यांनी बघायला आली होती. तिनं मिसळीच्या भाज्यांची भज्जी खाल्ली, वाफवलेल्या पिठाचे उंडे खाल्ले, खीर तर दोनदा घेतली. पण शिवराज आंबील घेऊन आला की नजर चुकवून पाणी मागायची. तो तिला बघताक्षणी आवडला होता, हीच तर पंचाईत होती.

तिसऱ्यांदा तिनं मान हलवली तेव्हा त्याचं हसू मावळलं. पेला खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "आईच्या हातचं सगळं चाललं. माझ्याच हातचं कामून चालंना? मास्तरांच्या घरच्या हाव म्हणून… आमचा हात कमी पडायलाय का?"

त्याला असं वाटण्यापेक्षा लाज गेलेली परवडली. पूर्णिमानं फोन उघडून त्याच्या हातात दिला. एआयनं तिला अगदी ठामपणे लिहून दिलं होतं – या भागात येळवशीला अविवाहित मुलगी ज्या तरुणाच्या हातून आंबील पिते, त्याच्याशी तिची सोयरीक पक्की मानतात. खाली पुस्तकाचं नाव होतं आणि पान एकशे बेचाळीस.

शिवराजनं ते दोनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. नागूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. "अगं माय, तसं असतं तर माझं निम्म्या शिवाराशी लगीन लागलं असतं की."

पूर्णिमाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बारांपैकी नऊ पानं याच रीतीवर उभी होती. ते पुस्तक तिला तीन ग्रंथालयांत मिळालं नव्हतं. गहाळ झालं असेल, अशी तिनं स्वतःचीच समजूत घातली होती.

"त्यालाच इचारा की, खरं का म्हणून," शिवराज म्हणाला.

तिनं विचारलं. उत्तर लगेच आलं. आधी माफी, मग दुरुस्ती – मुलीनं नव्हे, तरुणानं मुलीच्या हातून आंबील प्यायची असते. या खेपेला पान दोनशे सात.

"ह्याला आपलं लगीन लावायची लई घाई दिसायलीय," तो म्हणाला, आणि 'आपलं' म्हणून बसल्याचं ध्यानात येताच घाईघाईनं आंबलीचं मडकं झाकायला गेला.

सोमवारी पूर्णिमानं गाईडना तीनच पानं दिली. भरपूर बोलणी खाल्ली, काम सहा महिने लांबलं. पण त्या तीन पानांतली ओळ न ओळ नागूबाईनं सांगितलेली होती. पुढच्या प्रत्येक ओळीसाठी ती शिवराजला फोन करू लागली. कोप कुणी बांधायची, उंड्यांचं पीठ कसलं… ठाऊक असेल तर तो सांगायचा, नसेल तर सरळ म्हणायचा, "मला ठावं न्हाई. उद्या इचारून सांगतो." हे वाक्य तिला इतकं आवडायला लागलं की ती मुद्दाम अवघड प्रश्न शोधून काढायची. पावसाळ्यापर्यंत प्रश्न संपले. फोन काही संपले नाहीत.

पुढच्या येळवशीला ती बांधून झालेला प्रबंध घेऊन आली. नागूबाईनं तो पाच दगडांशेजारी ठेवून त्याला कुंकू लावलं. शिवराज सगळ्यांना आंबील देत देत तिच्यापाशी आला, क्षणभर थांबला… आणि पुढं गेला.

"मला कामून न्हाई?"

"तुम्ही घेत न्हाई की." तो खाली बघत होता. "आन् पिली तरी… त्यानं काय ठरत न्हाई. तसली रीतच न्हाई."

"ठावं हाय. ती नऊ पानं मीच खोडलीत." तिची नजर हलली नाही. "रीत असती तर घेतली नसती. मी माझ्या मनानं घ्यायले."

त्यानं पेला पुढं केला. तिनं तो त्याच्या बोटांसकट धरला आणि एका दमात रिकामा केला. आंबील गार होती, आंबट होती, आणि वर्षभर वाट बघायला लावण्याइतकी चांगली होती.

त्यानं रिकामा पेला परत घेतला. मग त्यानं भीत भीत विचारलं, "मास्तर… व्हय म्हणतील का?"

पूर्णिमानं ओठावरची आंबील पुसली आणि हसली.

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "उद्या इचारून सांगते."